घुमटाची थाप आणि २६ मिलिव्होल्ट: स्मॉल-सिग्नल विश्लेषण, पायरी पायरीने

चतुर्थीच्या आधी गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरी भागात घुमट आरतीच्या (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य) तालमी सुरू झाल्या की इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा एखादा विद्यार्थी मंडळासाठी छोटा माईक प्रीअँप्लिफायर बनवायला घेतो. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर. वर्गात शिकवलेल्या सूत्राने गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा, १३० च्या आसपास निघतो. आरती म्हणणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो. पण माईकजवळ घुमटावर थाप पडली की त्याच प्रीअँपमधून फाटका आवाज बाहेर पडतो. सर्किट तेच, सूत्र तेच. मग बिघडलं काय?

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता आलं, तर स्मॉल-सिग्नल विश्लेषण खरोखर समजलं असं मी मानतो. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात, पणजी-डिचोलीच्या पॉलिटेक्निकांत हा विषय पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी आणि घरी ब्रेडबोर्डवर स्वतःच शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ओहमचा नियम, समांतर रोध आणि व्होल्टेज डिव्हायडर येत असला की पुरे. सोबत कॅल्क्युलेटर ठेवा आणि प्रत्येक आकडा स्वतः काढून बघा, नुसतं वाचून हा विषय हाताला लागत नाही.

सुरुवात डायोडपासून

ट्रान्झिस्टरकडे धावण्याआधी डायोडवर एक संध्याकाळ घालवा. पुढचं सगळं इथेच ठरतं.

डायोडमधला प्रवाह व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तो घातांकी वाढतो. त्याची मोजपट्टी म्हणजे थर्मल व्होल्टेज: बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान, भागिले इलेक्ट्रॉनचा विद्युतभार. २७ अंश सेल्सिअसला हा आकडा २५.९ मिलिव्होल्ट येतो, आपल्याकडच्या ३३ अंशांच्या दुपारी २६.४. हिशोबाला २६ धरू. आदर्श डायोडवरचं व्होल्टेज १८ मिलिव्होल्टने वाढलं की प्रवाह दुप्पट होतो, ६० ने वाढलं की दहापट. खऱ्या सिलिकॉन डायोडमध्ये या २६ ला १ ते २ मधल्या एका गुणकाने गुणावं लागतं. इथे तो १ धरला आहे.

आता डायोडमधून १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतोय असं समजा आणि त्याच्यावरचं व्होल्टेज थोडं वरखाली करा. १ मिलिव्होल्ट वाढवलं तर प्रवाह ३.९ टक्के वाढतो, १ मिलिव्होल्ट कमी केलं तर ३.८ टक्के घटतो. जवळजवळ सारखंच. ५ मिलिव्होल्टला वाढ २१ टक्के, घट साडेसतरा. १० मिलिव्होल्टला वाढ ४७ टक्के आणि घट फक्त ३२.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. बदल लहान असतो तोवर वर जाणं आणि खाली येणं सारखं असतं, म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरती ती वक्ररेषा सरळ रेषाच असते. सरळ रेषा म्हणजे साधा रेझिस्टर! स्मॉल-सिग्नलची अख्खी कल्पना एवढीच आहे. बदल मोठा झाला की दोन्ही बाजू विषम होतात आणि रेझिस्टरचं सोंग उतरतं.

त्या रेझिस्टरची किंमत काढायला सोपी आहे:

आरडी = २६ मिलिव्होल्ट ÷ डायोडमधला स्थिर प्रवाह

मिलिव्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर थेट ओहममध्ये येतं. १ मिलिअँपिअरला २६ ओहम, अर्ध्या मिलिअँपिअरला ५२, १० मिलिअँपिअरला २.६. डायोड एकच, पण त्याचा आरडी किती हे त्यातून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहावर ठरतं. म्हणूनच डीसीचा हिशोब नेहमी आधी.

एक पूर्ण उदाहरण करू. १२ व्होल्टचा साधा अडॅप्टर घ्या, ज्याच्या आत ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर डीसीवर उरलेला चढउतार, म्हणजे रिपल, १०० हर्ट्झची; स्पीकरमधली भुणभुण ती हीच. समजा रिपलचं टोक २०० मिलिव्होल्ट आहे. या सप्लायला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि डायोड एकसर जोडला. डायोडवर किती रिपल उरेल?

आधी रिपल विसरा. सप्लाय शुद्ध १२ व्होल्ट, डायोडवर ०.७ धरा. उरलेले ११.३ व्होल्ट ४.७ किलोओहमवर, म्हणून प्रवाह २.४ मिलिअँपिअर. त्यावरून आरडी = २६ ÷ २.४ = १०.८ ओहम.

आता १२ व्होल्ट विसरा. बदल फक्त २०० मिलिव्होल्टच्या रिपलमध्ये आहे. १२ व्होल्टचा भाग हलतच नाही, म्हणून बदलांच्या हिशोबात तो शून्य, त्याच्या जागी सरळ तार. डायोडच्या जागी १०.८ ओहमचा रेझिस्टर. उरला फक्त व्होल्टेज डिव्हायडर: २०० × १०.८ ÷ ४७१०.८ = ०.४६ मिलिव्होल्ट. रिपल चारशे पटींहून जास्त दबली.

नवशिके इथे हमखास एक गोष्ट करतात: ०.७ व्होल्टला २.४ मिलिअँपिअरने भागून २९२ ओहम काढतात आणि तो डायोडचा रोध समजतात. ते गुणोत्तर आहे, उतार नाही. बदलांच्या हिशोबात उतारच लागतो, आणि तो इथे सत्तावीस पटींनी लहान आहे.

ट्रान्झिस्टर: आधी स्थिर बिंदू

आता प्रीअँप. कागदावर काढत चला. ट्रान्झिस्टरचे पाय तीन: बेस, कलेक्टर आणि एमिटर. १२ व्होल्टपासून बेसपर्यंत ४७ किलोओहम, बेसपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहम. कलेक्टरला ३.३ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम. माईकचा सिग्नल एका कपॅसिटरमधून बेसवर, आउटपुट दुसऱ्या कपॅसिटरमधून पुढच्या १० किलोओहमच्या लोडवर, आणि एमिटरच्या रेझिस्टरला समांतर तिसरा, मोठा कपॅसिटर. माईकचा स्वतःचा रोध ६०० ओहम धरू.

पहिली पायरी डीसी. सिग्नल शून्य करा. कपॅसिटरमधून डीसी जात नाही, म्हणून तिन्ही कपॅसिटर खोडून टाका. बेसवर १२ × १० ÷ ५७ = २.१ व्होल्ट. एमिटर त्याच्या ०.७ ने खाली, १.४ व्होल्ट. एमिटरचा रोध १ किलोओहम, म्हणजे प्रवाह १.४ मिलिअँपिअर, आणि कलेक्टरचाही जवळपास तेवढाच. कलेक्टरवर १२ − १.४ × ३.३ = ७.४ व्होल्ट. कलेक्टर-एमिटरमध्ये ६ व्होल्ट उरले, ट्रान्झिस्टर अॅक्टिव्ह भागात आरामात आहे.

इथे मी बेसचा प्रवाह सोडून दिला. बीटा, म्हणजे कलेक्टरचा प्रवाह बेसच्या प्रवाहाच्या किती पट तो आकडा, २०० असेल तर तो सुमारे ७ मायक्रोअँपिअर येतो, आणि तो धरला तर कलेक्टरचा प्रवाह चार-पाच टक्क्यांनी कमी निघतो. रेझिस्टर स्वतःच ५ टक्के टॉलरन्सचे असताना एवढ्याची काळजी नको.

सर्किट जोडलं असेल तर पुढे जाण्याआधी मल्टिमीटर घ्या आणि हे तीन व्होल्टेज मोजा: बेस, एमिटर, कलेक्टर. कलेक्टरवर पूर्ण १२ दिसत असतील तर प्रवाहच वाहत नाही. कलेक्टर एमिटरला जवळजवळ चिकटला असेल तर ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे पूर्ण उघडून अडकलेला आहे. दोन्ही वेळा पुढचं सगळं गणित निरर्थक, आधी बायस, म्हणजे हा स्थिर बिंदू, दुरुस्त करा. बीसी ५४७ चे पाय उलटे लावणं हे यामागचं सर्वांत नेहमीचं कारण. डेटाशीटमधलं चित्र समोर ठेवूनच जोडा.

एमिटरचा तो १ किलोओहम आपल्या हवेत फार कामाचा आहे. प्रवाह तोच ठेवला तर बेस-एमिटर व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. सकाळी २७ अंश आणि दुपारी पत्र्याच्या मंडपाखाली ३३, एवढ्यात १२ मिलिव्होल्टचा फरक. बेसला पक्कं व्होल्टेज देऊन एमिटर थेट ग्राउंडला जोडला असता तर प्रवाह दीडपटीहून जास्त वाढला असता. इथे मात्र १२ मिलिव्होल्ट १.४ व्होल्टमध्ये विरून जातात, फरक एक टक्क्याच्या आत.

दुसरी पायरी: तीन आकडे

स्थिर प्रवाह हातात आला की ट्रान्झिस्टरचे स्मॉल-सिग्नल आकडे काढायचे.

जीएम, म्हणजे बेस-एमिटर व्होल्टेज थोडं हललं तर कलेक्टरचा प्रवाह किती हलतो: १.४ ÷ २६ = ०.०५४ अँपिअर प्रति व्होल्ट. आर-पाय, म्हणजे बेसमधून आत पाहिलं तर दिसणारा रोध: बीटा ÷ जीएम = २०० ÷ ०.०५४, साधारण ३.७ किलोओहम. आणि आरई, एमिटरच्या बाजूने दिसणारा रोध: २६ ÷ १.४ = १८.६ ओहम. हा आरई म्हणजे डायोडचा आरडीच, वेगळं काही नाही.

चौथा आकडा आर-ओ, कलेक्टरचा आउटपुट रोध. जेम्स अर्ली यांनी १९५२ मध्ये दाखवलेल्या परिणामामुळे तो येतो. अर्ली व्होल्टेज ७० धरलं तर ७० ÷ १.४ = ५० किलोओहम. आपल्या सर्किटमध्ये त्याने गेन पाचेक टक्के उतरतो. सुरुवातीला सोडून द्या.

तिसरी पायरी: सर्किट पुन्हा काढा

कृपया जुन्याच चित्रावर खाडाखोड करू नका. नवा कागद घ्या. १२ व्होल्टची रेषा आता ग्राउंड. याचं कारण वर डायोडमध्ये आलंच: तिथलं व्होल्टेज बदलत नाही, आणि बदल शून्य असलेली जागा म्हणजे बदलांच्या चित्रातलं ग्राउंड. मोठे कपॅसिटर म्हणजे तार. बेस आणि एमिटरमध्ये आर-पाय, कलेक्टर आणि एमिटरमध्ये जीएमने चालणारा प्रवाहाचा स्रोत.

असं केलं की चित्र आपोआप साधं होतं. एमिटर कपॅसिटरमुळे थेट ग्राउंडला. ४७ आणि १० किलोओहम दोन्ही बेसपासून ग्राउंडला, म्हणजे समांतर: ८.२ किलोओहम. ३.३ किलोओहम आणि १० किलोओहमचा लोड दोन्ही कलेक्टरपासून ग्राउंडला, समांतर: २.४८ किलोओहम.

बेसपासून कलेक्टरपर्यंतचा गेन = जीएम × २.४८ किलोओहम = १३३, आणि पुढे उणे चिन्ह, कारण बेस वर गेला की प्रवाह वाढतो आणि कलेक्टर खाली येतो. इनपुट रोध ८.२ आणि ३.७ समांतर, म्हणजे २.५६ किलोओहम. ६०० ओहमच्या माईकमधून त्यातला ०.८१ भागच बेसपर्यंत पोचतो, म्हणून माईकपासून आउटपुटपर्यंतचा गेन १०८.

बीटा बदलला तर काय होतं ते इथेच तपासून घ्या. बीसी ५४७ च्या बी गटात बीटा २०० ते ४५० मिळतो. ४५० चा ट्रान्झिस्टर लावला तर जीएम जवळपास तोच राहतो, कारण प्रवाह एमिटरच्या रेझिस्टरने ठरवला आहे. १३३ चा गेन हलत नाही. फक्त इनपुट रोध ४.१ किलोओहमपर्यंत चढतो. ज्या सर्किटमध्ये बीटा बदलल्यावर बायसच हलतो, ते मी कोणालाही बनवायला सांगणार नाही.

चौथी पायरी: सिग्नल खरंच लहान आहे का?

परीक्षेत ही पायरी कोणी विचारत नाही, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. घुमटाचं उत्तर नेमकं इथे आहे.

साधा डायनॅमिक माईक १ पास्कल ध्वनिदाबाला, म्हणजे ९४ डेसिबलला, साधारण २ मिलिव्होल्ट देतो. तोंडाजवळ धरून गाणाऱ्याचा आवाज या पातळीचा धरू. २ मिलिव्होल्ट आरएमएस म्हणजे टोकाला २.८, त्याचा ०.८१ भाग बेसवर: २.३ मिलिव्होल्ट. डायोडचे ते आकडे आठवा. एवढ्यात वक्ररेषा सरळच असते. दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ वारंवारतेच्या दुपटीला उमटणारी) विकृती काढायचं सोपं सूत्रही आहे: टोकाचं व्होल्टेज भागिले थर्मल व्होल्टेजची चौपट. २.३ ÷ १०४ = २.२ टक्के. आरतीला चालेल.

आता थाप पडली आणि आवाज २० डेसिबलने चढला. २० डेसिबल म्हणजे व्होल्टेज दहापट. बेसवर २३ मिलिव्होल्ट. गेन १३३ च्या सूत्राने आउटपुट दोन्ही बाजूंना ३ व्होल्ट यायला हवं. घातांकी सूत्राने खरा हिशोब करा: वरच्या टोकाला कलेक्टरचा प्रवाह २.४ पट होतो, खालच्या टोकाला ०.४१ पट. आउटपुट एका बाजूला सुमारे ४.९ व्होल्ट जातं आणि दुसऱ्या बाजूला फक्त २ व्होल्ट. कलेक्टर या वेळी सुमारे अडीच व्होल्टपर्यंत उतरला आहे, म्हणजे ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनला पोचलेला नाही. प्रवाहही पूर्ण थांबलेला नाही. तरी लाट वाकडी झाली. सप्लाय १२ ऐवजी २४ व्होल्ट करून हा दोष जाणार नाही, कारण तो सप्लायच्या मर्यादेचा नाहीच, २६ मिलिव्होल्टच्या मर्यादेचा आहे.

यावर उपाय स्वस्त आहे. एमिटरचा १ किलोओहम दोन तुकड्यांत करा, १०० ओहम आणि ९१० ओहम, आणि कपॅसिटर फक्त ९१० ला समांतर लावा. डीसी बिंदू जवळपास तिथेच राहतो. पण सिग्नलला आता १८.६ सोबत १०० ओहमही दिसतो. गेन २४८० ÷ ११८.६ = २१. इनपुट रोधही वाढून ६.१ किलोओहम होतो, म्हणून थापेच्या वेळी बेसवर आता सुमारे २६ मिलिव्होल्ट येतात. मात्र त्यातला फक्त १८.६ ÷ ११८.६, म्हणजे सोळा टक्के भाग बेस-एमिटरवर पडतो. ४ मिलिव्होल्ट. पुन्हा लहान सिग्नल.

गेन १३३ वरून २१ वर आला याचं वाईट वाटून घेऊ नका. उरलेला गेन पुढच्या स्टेजमधून घेता येतो. पहिल्याच स्टेजला वाकडी झालेली लाट पुढे कुठेच सरळ करता येत नाही.

कपॅसिटर

कपॅसिटरला तार मानलं, पण कुठल्या वारंवारतेपासून? प्रत्येक कपॅसिटरला दोन्ही बाजूंनी मिळून किती रोध दिसतो ते बघा आणि १ ÷ (२ × पाय × रोध × कपॅसिटन्स) काढा. पहिल्या सर्किटमध्ये इनपुटच्या कपॅसिटरला ३.१६ किलोओहम दिसतो. १० मायक्रोफॅरडला ५ हर्ट्झ येतात. आउटपुटला १३.३ किलोओहम, तिथे १ मायक्रोफॅरडलाही १२ हर्ट्झ. एमिटरच्या कपॅसिटरला मात्र जेमतेम २१ ओहम दिसतो: आरई आणि त्यात बेसकडच्या रोधाचा बीटाने भागलेला छोटासा वाटा. १०० मायक्रोफॅरड लावला तरी ७६ हर्ट्झ येतात, आणि घुमटाचा खालचा गुंजारव तिथेच पातळ होतो. ४७० लावा, १६ हर्ट्झपर्यंत उतराल. तिघांतला सर्वांत मोठा कपॅसिटर एमिटरलाच का असतो, त्याचं कारण हे.

टेबलावर पडताळा

फंक्शन जनरेटर बहुधा ५ मिलिव्होल्ट नीट देत नाही. त्याच्या पुढे १० किलोओहम आणि १०० ओहमचा डिव्हायडर लावा. जनरेटरवर टोकाला अर्धा व्होल्ट ठेवला की १०० ओहमवर साधारण ५ मिलिव्होल्ट मिळतात. १ किलोहर्ट्झ ठेवा. आधीच्या, पूर्ण बायपास असलेल्या (एमिटरच्या अख्ख्या १ किलोओहमला कपॅसिटर समांतर) सर्किटमध्ये सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, टोकाला ०.६४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर विसंबू नका, ती प्रामुख्याने विजेच्या ५० हर्ट्झसाठी असते.

मग इनपुट दुप्पट करा. आउटपुट दुप्पट झालं आणि आकार तोच राहिला तर तुम्ही लहान सिग्नलच्या हद्दीत आहात. वरची आणि खालची टोकं असमान दिसू लागली की हद्द संपली. पावसाळ्यात ब्रेडबोर्डवर आकडे उगाच सरकत असतील तर गणितावर शंका घेण्याआधी जोडण्या काढून परत घट्ट बसवा; दमट हवेत संपर्क लवकर खराब होतात.

मॉसफेट आला तरी क्रम हाच राहतो. फक्त जीएमचं सूत्र बदलतं, ड्रेन प्रवाहाच्या दुपटीला ओव्हरड्राइव्ह व्होल्टेजने (गेट-सोर्स व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड) भागायचं, आणि सिग्नल लहान की मोठा हे २६ मिलिव्होल्टऐवजी त्या ओव्हरड्राइव्हशी ताडून ठरवायचं.

सरावासाठी पहिल्याच सर्किटमधला १० किलोओहमचा लोड काढून १ किलोओहम लावा. एमिटर पूर्ण बायपास ठेवा, आर-ओ सोडून द्या. बेसपासून कलेक्टरपर्यंतचा गेन आधी कागदावर काढा, मगच सीआरओ चालू करा. कागदावर ४१ यायला हवा.